छायाचित्रांची छाटणी : यंत्राचा निकष आणि आपला प्रश्न

शाळेची एक दिवसाची सहल परत येते तेव्हा मुलांच्या वह्यांत फार तर चार पाने भरलेली असतात; पण दोन-तीन मोबाइल मिळून हजारभर छायाचित्रे सहज जमलेली असतात. फिल्मच्या काळात ३६ छायाचित्रांचा रोल संपेल या धास्तीने माणूस बटण दाबण्याआधी विचार करी. आता तो विचार बटण दाबल्यानंतर करावा लागतो आणि बहुधा तो केलाच जात नाही. छायाचित्रे साठत जातात, एक दिवस 'जागा संपली' अशी सूचना येते आणि मग कोणीतरी घाईघाईने पुसायला बसतो.

ही अडचण दूर करण्यासाठी छायाचित्रे नीट लावून ठेवणारी आणि त्यांतली नकोशी वेगळी काढून देणारी अनेक सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. वृत्तछायाचित्रकारांच्या वापरातले 'फोटो मेकॅनिक', व्यावसायिकांचे 'लाइटरूम', विनामूल्य आणि मुक्त असलेले 'डिजिकॅम' ही त्यांतली काही परिचित नावे. मोबाइलमधली चित्रदालनेही आता यातली काही कामे स्वतःहून करू लागली आहेत. आमचे काम सड्यांवरच्या वनस्पतींचे. त्यात छायाचित्र ही आमची नोंदवहीच असल्यामुळे गेली काही वर्षे अशी साधने आम्ही नित्य वापरत आलो आहोत. त्यांतले कोणते घ्यावे हे सांगण्याचा येथे हेतू नाही. ही साधने 'चांगले' आणि 'टाकाऊ' हे कशावरून ठरवतात आणि तो निकष आपल्या कामाला कितपत लागू पडतो, एवढेच येथे तपासायचे आहे.

वेगाचे गणित

आधी गुणाची बाजू पाहू. समजा, आपल्यापुढे ३,००० छायाचित्रे आहेत. प्रत्येक उघडून, पाहून निर्णय घ्यायला १० सेकंद लागले, तर एकूण वेळ होतो ८ तास २० मिनिटे. तोच निर्णय २ सेकंदांत होऊ शकला, तर १ तास ४० मिनिटे पुरतात. पहिल्या स्थितीत काम उद्यावर ढकलले जाते. दुसऱ्या स्थितीत ते जेवणाआधी पुरे होते.

हा वेग येतो कसा? चांगले कॅमेरे 'रॉ' स्वरूपाची जी मोठी फाइल तयार करतात, तिच्या पोटात त्याच चित्राची एक तयार, आटोपशीर 'जेपेग' प्रत ठेवलेली असते. सर्वसाधारण सॉफ्टवेअर मूळ माहितीवरून चित्र नव्याने घडवीत बसते. छाटणीसाठी बनवलेले सॉफ्टवेअर ही तयार प्रत उचलून पडद्यावर आणते. वाचनालयात पुस्तक न उघडता सूचीपत्रक पाहावे तसाच हा प्रकार. त्यातच एका कळीने तारांकन, दुसऱ्या कळीने 'नको'ची खूण आणि लगेच पुढचे चित्र, अशी सोय असते. या खुणा 'एक्सएमपी' नावाच्या सर्वमान्य पद्धतीने लिहून ठेवता येतात, त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये केलेले काम दुसऱ्यात गेल्यावर वाया जात नाही.

इथपर्यंत आमची काहीच तक्रार नाही. निर्णय माणूस घेतो. यंत्र फक्त पाने उलटते. तक्रार सुरू होते ती यंत्र स्वतः निर्णय घेऊ लागते तेव्हा.

सुस्पष्ट म्हणजे उपयुक्त का?

धूसर छायाचित्रे आपोआप वेगळी काढण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. डिजिकॅममध्येही प्रतिमेचा दर्जा पाहून 'स्वीकृत', 'प्रलंबित' आणि 'नाकारलेले' अशा खुणा लावणारा विभाग आहे. यंत्राला धूसरपणा कळतो कसा, हे नववी-दहावीच्या मुलांनाही समजण्याजोगे आहे.

छायाचित्र म्हणजे बिंदूंची चौकट. प्रत्येक बिंदूला उजळपणाचा एक आकडा असतो. एका ओळीतले सहा बिंदू घेऊ. काळ्या दगडाची कड पांढऱ्या आकाशाला भिडते तेथे ठळक चित्रात आकडे असे असतील : १०, १०, १०, २००, २००, २००. चित्र हलले असेल तर तीच कड अशी पसरेल : १०, ४८, ८६, १२४, १६२, २००. आता मधल्या प्रत्येक बिंदूसाठी दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करून तीतून त्या बिंदूची दुप्पट वजा करा. पहिल्या ओळीत उत्तरे येतात ०, १९०, −१९०, ०. दुसऱ्या ओळीत चारही उत्तरे शून्य. हेच गणित उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सगळ्या चित्रावर केले आणि उत्तरे किती विखुरलेली आहेत हे मोजले, की चित्राच्या ठळकपणाचा एक आकडा मिळतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की चित्र 'धूसर'. अशी मोजणी ही या कामाची एक प्रचलित पद्धत आहे. तिचा साधेपणा खरोखर सुंदर आहे.

पण या गणिताने मोजले काय? चित्रात बारीक तपशील किती, एवढेच. तो तपशील कशाचा आहे हे त्याला माहीत नाही. धुक्यात बुडालेल्या सड्याचे उत्तम छायाचित्र या परीक्षेत नापास होते, कारण धुक्याला कडा नसतात. उलट, पुढचा बेडूक हललेला आणि मागचे गवत मात्र पात्यापात्याने ठळक आलेले असे छायाचित्र वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होते. नुकतेच जे सॉफ्टवेअर चेहरा किंवा डोळे शोधून तेवढाच भाग तपासते, ते माणसांच्या बाबतीत अधिक शहाणे आहे. पण त्याचे शहाणपण मिटलेले डोळे आणि हसरे चेहरे यांपुरतेच असते. प्रयोगाच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या मुलांची पाच छायाचित्रे दिली, तर ते सगळे हसत असलेले चित्र निवडील. तापमापीवरचा आकडा वाचता येतो ते चित्र कोणते, हे त्याने पाहिलेलेच नसते. समारंभाच्या अल्बमचा निकष त्याने प्रयोगवहीला लावलेला असतो.

दुबार म्हणजे काय?

याहून गंभीर आक्षेप आहे तो 'एकसारखी' छायाचित्रे शोधून त्यांतले एक ठेवण्याच्या सोयीवर. येथे आमचाच एक अनुभव सांगणे आवश्यक आहे.

पावसाळ्यात सड्यावर कोणती वनस्पती कधी उगवते, कधी फुलते, कधी सुकते हे पाहण्यासाठी आम्ही एक मीटर लांबी-रुंदीचे वीस चौरस आखले. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर खुणा केल्या. ठरलेल्या उंचीवर कॅमेरा धरून जूनपासून दर चार दिवसांनी प्रत्येक चौरसाचे वरून छायाचित्र घ्यायचे, असा क्रम ठेवला. हंगाम संपत आला तेव्हा संगणकात जागा उरली नाही. आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याने चांगल्या हेतूने एका सॉफ्टवेअरला 'एकसारखी छायाचित्रे काढून टाक' अशी आज्ञा दिली. सॉफ्टवेअरने काम चोख केले. एकाच जागेची, एकाच उंचीवरून, एकाच कोनातून घेतलेली छायाचित्रे त्याच्या दृष्टीने दुबारच होती. प्रत्येक गटातले सर्वांत उजळ आणि ठळक तेवढे त्याने ठेवले. कचरापेटी रिकामी झाली होती आणि कॅमेऱ्याची कार्डे पुन्हा वापरात गेली होती.

चित्रांतली जी गोष्ट आम्ही मुद्दाम सारखी ठेवली होती, तीच त्यांच्या नाशाला कारण झाली. सीतेच्या आसवांची पहिली फुले कोणत्या चौरसात कोणत्या तारखेला दिसली, हा त्या हंगामाचा मुख्य प्रश्न होता. त्याचे उत्तर पुसले गेले. शिवाय नुकसान नुसते संख्येचे नव्हते. उरलेली छायाचित्रे बहुतांश उघडीप असलेल्या दिवसांची होती. पावसाळी, अंधाऱ्या दिवसांची गेली होती. म्हणजे नमुना लहान झाला आणि वर एका बाजूला कललाही. अशा उरलेल्या चित्रांवरून काढलेला कोणताही निष्कर्ष उन्हाच्या दिवसांचाच ठरला असता. आम्ही तो हंगाम सोडून दिला. चूक सॉफ्टवेअरच्या गणितात नव्हती. ते काय मोजते हे विचारल्याशिवाय आम्ही ते वापरू दिले, ही चूक आमची होती.

ते काय मोजते, ते आता पाहू. एकसारखेपणा शोधण्याची एक प्रचलित रीत अशी : चित्र काळे-पांढरे करून त्याचे आडवे ९ आणि उभे ८ असे ७२ चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजळपणा काढायचा. मग प्रत्येक ओळीत शेजारशेजारच्या चौकोनांची तुलना करायची. डावा अधिक उजळ असेल तर १, नाहीतर ०. एका ओळीत आठ तुलना, आठ ओळींत चौसष्ट. असा ६४ अंकांचा ठसा प्रत्येक चित्राला मिळतो. दोन ठशांत फार थोडे अंक वेगळे असले, की चित्रे सारखी ठरतात. डिजिकॅमची पद्धत वेगळी आहे, ती 'हार वेव्हलेट' या गणितावर आधारलेली आहे. पण तेथेही चित्र आधी लहान करून त्याची ढोबळ लक्षणेच जुळवली जातात.

आमच्या चौरसाला हे लावून पाहू. छायाचित्र ४,००० × ३,००० बिंदूंचे. चौरसाची एक मीटर उंची ३,००० बिंदूंत मावते, म्हणजे एका मिलिमीटरला ३ बिंदू. आठ मिलिमीटरचे एक फूल २४ × २४ म्हणजे ५७६ बिंदू व्यापते. ठशाचा एक चौकोन मात्र सुमारे ४४४ × ३७५, म्हणजे १,६६,५०० बिंदूंचा असतो. फूल त्या चौकोनाच्या जवळजवळ तीनशेव्या भागाएवढे झाले. ते उमलले काय किंवा न उमलले काय, चौकोनाच्या सरासरीत पडणारा फरक नगण्य. यंत्राला फूल दिसले नाही असे म्हणणेही बरोबर नाही. ते दिसू शकणारच नाही, अशीच चाळणी त्याला दिली होती.

विज्ञानाच्या इतिहासात तर अशा 'दुबार' चित्रांनी मोठी कामे केली आहेत. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी जानेवारी १९३० मध्ये आकाशाच्या एकाच भागाची दोन छायाचित्रे घेतली, एक २३ तारखेला आणि दुसरे २९ तारखेला. १८ फेब्रुवारीला एका उपकरणातून ही दोन्ही चित्रे आळीपाळीने डोळ्यांसमोर आणत असताना एक फिकट ठिपका इकडून तिकडे उडी मारताना त्यांना दिसला. तो प्लुटो होता. हजारो तारे दोन्ही काचांवर जागच्या जागी होते. शोध होता तो त्या एका ठिपक्याच्या फरकात. आणखी सांगण्यासारखे असे, की त्याच वेधशाळेच्या १९१५ सालच्या काचांवरही प्लुटो उमटलेला होता. तेव्हा तो कोणी ओळखला नाही. पण काचा जपून ठेवल्या होत्या, म्हणून नंतर त्या सापडल्या आणि उपयोगी पडल्या.

आपल्या देशातले उदाहरण कोडाईकनाल येथील सौर वेधशाळेचे आहे. तेथे १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे नियमाने घेतली गेली. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी तबकडी, वर्षानुवर्षे तीच. पृथ्वीएवढ्या आकाराचा सौरडाग सूर्याच्या व्यासाच्या फक्त १०९ व्या भागाएवढा असतो. वर सांगितलेल्या ६४ अंकी ठशाला ही सारी चित्रे जवळजवळ एकच वाटावीत. आज याच संग्रहाच्या संगणकीय प्रती करून सूर्याच्या शंभर वर्षांतल्या वागणुकीचा अभ्यास केला जातो.

जेथे यंत्र खरोखर कामी आले

एवढ्यावरून यंत्राने छाटणी करूच नये असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. भारतातल्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१, म्हणजे हजारी दोन-सव्वादोन. एका माणसाने प्रत्येक चित्रावर एकच सेकंद खर्चून रोज आठ तास काम केले असते, तरी बाराशेहून अधिक दिवस लागले असते. येथे संगणकाची मदत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. छायाचित्रांची प्राण्यांप्रमाणे विभागणी करायला एक प्रणाली आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायला दुसरी, अशी साधने तेव्हा वापरण्यात आली.

टांझानियातील सेरेंगेटीच्या ३२ लाख छायाचित्रांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सुमारे तीन-चतुर्थांश चित्रांत प्राणी नव्हताच. गवत हलल्यानेही कॅमेरा चालू होतो. संगणकाला ४८ प्रजाती ओळखायला शिकवले. जेथे त्याला खात्री होती तेवढेच निर्णय त्याच्याकडून घेतले, तर ९९.३ टक्के काम तो स्वयंसेवकांइतक्याच, म्हणजे ९६.६ टक्के अचूकतेने करू शकला. उरलेले काम माणसांसाठी.

या प्रयोगांत आणि आमच्या फसलेल्या हंगामात फरक कोणता? तेथे प्रश्न आधी ठरला होता : 'या चित्रात प्राणी आहे का? असल्यास कोणता?' यंत्राला तोच प्रश्न शिकवला होता. त्याच्या उत्तराची माणसांच्या उत्तरांशी पडताळणी केली होती. आणि यंत्राला 'मला खात्री नाही' असे म्हणण्याची मुभा होती. आमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी नव्हत्या. बाजारातली सामान्य सॉफ्टवेअर बहुधा 'सुंदर कोणते?' हाच प्रश्न गृहीत धरतात आणि तो प्रश्न आपण विचारलेला नाही हे आपल्या लक्षात आणून देत नाहीत. त्यांच्यावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

खूण करावी, पुसू नये

दुसरा आक्षेप 'नको' आणि 'नष्ट' यांतले अंतर फार कमी ठेवण्याबद्दल आहे. या बाबतीत ओझोनच्या विवराची हकिकत बोधप्रद आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटतो हे फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मे १९८५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जमिनीवरच्या मोजमापांवरून दाखवले. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावरूनही ओझोन मोजला जात होता. त्या माहितीवर काम करणाऱ्या संगणक-प्रणालीत १८० डॉबसन एककांहून कमी आकडा आला की त्यावर 'संशयास्पद' अशी खूण होई. संगणकाने ही माहिती फेकून दिली होती असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. नोंदी शाबूत होत्या. त्यांच्यावर फक्त खूण होती. म्हणूनच नासाच्या शास्त्रज्ञांना त्या पुन्हा काढून तपासता आल्या, आणि हे विवर किती विस्तीर्ण आहे याचा नकाशा तयार झाला. प्रणालीने त्या नोंदी खरोखरच पुसल्या असत्या तर तो नकाशा मिळाला नसता.

फोटो मेकॅनिक, लाइटरूम, डिजिकॅम या साधनांत अशी खूण करण्याची व्यवस्था आहे, आणि ती आमच्या मते त्यांची सर्वांत मोलाची बाजू आहे. 'जागा मोकळी करा' असे एकच बटण पुढे करणाऱ्या साधनांपासून मात्र शाळांनी सावध राहावे. मोबाइलमधली चित्रे इंटरनेटवरच्या साठ्याशी जोडलेली असतील, तर एका ठिकाणी पुसलेले चित्र दुसरीकडूनही जाऊ शकते आणि तिथली कचरापेटी काही दिवसांनी आपोआप रिकामी होते.

तेव्हा आमचा निवाडा असा : भराभर दाखवणे, क्रमाने लावणे, खुणा करणे या कामांसाठी ही सॉफ्टवेअर अवश्य वापरावीत. धूसर आणि एकसारखी चित्रे वेगळी काढण्याचे काम त्यांना द्यावे, पण तो सल्ला समजावा. छाटणीला बसण्यापूर्वी ही छायाचित्रे कशासाठी घेतली हे एका वाक्यात लिहून काढावे; शाळेच्या अंकासाठी आणि परिसराच्या नोंदीसाठी एकच चाळणी चालणार नाही. नाकारलेली चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांतली वीस-पंचवीस कोणतीही उचलून पाहावीत. त्यांत एक जरी कामाचे निघाले, तर मर्यादा सैल करून पुन्हा सुरुवात करावी. नोंदीसाठी असलेली मूळ फाइल संदेशाच्या ॲपमधून न पाठवता थेट उतरवून घ्यावी. नाहीतर चित्र लहान होते आणि त्यातली तारीख-वेळेची माहितीही गळून पडते.

शिक्षकांना वर्गात करून पाहता येईल असा एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या आवारातले एखादे झाड निवडा. जमिनीवर खूण करून त्याच जागेवरून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी त्याचे छायाचित्र घ्या. महिन्याभराने लागोपाठची दोन चित्रे मुलांना द्या. त्यांवर ९ × ८ ची जाळी आखून मुलांना ६४ अंकांचे ठसे काढू द्या, आणि किती अंक जुळतात ते मोजू द्या. बहुतेक जुळतील. त्यानंतर तीच दोन चित्रे संगणकावर आळीपाळीने भराभर दाखवा आणि काय बदलले ते विचारा. कोणाला नवी पालवी दिसेल, कोणाला तुटलेली फांदी, कोणाला मुंगळ्यांची रांग. मुलांनी फळ्यावर लिहिलेली यादी आणि त्यांनीच काढलेले ठसे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे या लेखाचा विषय वेगळा शिकवावा लागणार नाही.